तेरा तळ्यांतली तीन



मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीचं कार्य हा धडा आला की फळ्यावर एक आकृती ठरलेली असायची. दोन बाजूंना उभे कडे, मधे यू आकाराची दरी, दरीच्या तोंडाशी हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध, म्हणजे हिमोढ, आणि त्या बांधामागं साठलेलं तळं. निळा खडू सगळ्यात आधी संपायचा तो या धड्याला. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय का असं तळं?" मी म्हटलं, "नाही रे." वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

आम्ही राहणारे वाईचे. आमच्याकडं पाणी आहे, नाही असं नाही. धोमचं आहे, पलीकडं कण्हेरचं आहे, महाबळेश्वरला वेण्णा तलाव आहे. पण ही सगळी माणसानं बांध घालून अडवलेली पाणी. लोणारचं तळं उल्केच्या आघातानं झालेलं. हिमनदीनं कोरलेलं तळं बघायचं तर हिमालयात तरी जायला हवं, नाही तर आल्प्समध्ये. हिमालयातली बहुतेक तळी खूप उंचावर, चालायचं अंतर मोठं. आमच्या ह्यांचा उजवा गुडघा तोवर डॉक्टरांच्या वहीत गेला होता. ऑपरेशन वर्षभरात करायचं ठरलं होतं. त्याचे पैसे बाजूला काढून ठेवले, त्याला हात लावायचा नाही. जे उरलं त्यात १२ दिवसांचा आल्प्सचा प्रवास बसवायचा, असं आम्ही ठरवलं. सप्टेंबर २०२५ मधली ही गोष्ट.

ठरवणं सोपं होतं. अडलं ते निवडण्यापाशी. चित्रं बघून मी यादी केली ती १३ तळ्यांची झाली. स्वित्झर्लंडमधली पाच, ऑस्ट्रियातली तीन, इटलीतली दोन, बव्हेरियातलं एक, स्लोव्हेनियातली दोन. यादी मी ह्यांच्या हातात दिली. आमचे हे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्यांना कादंबरी वाचताना झोप येते, पण वेळापत्रक वाचताना येत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "स्टँडपासून तळं किती लांब?"

मला तेव्हा रागच आला. मी सौंदर्याची यादी केलेली आणि ह्यांना स्टँडची पडलेली. पण श्रोतेहो, तोच प्रश्न खरा होता. कारण तळं बघायला सहसा पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते तळ्यापर्यंत पोचायला, आणि त्यातही शेवटच्या तीन-चार किलोमीटरना.

उदाहरण सांगते. ग्रिंडेलवाल्डच्या वर बाखआल्प नावाचं छोटं तळं आहे. उंची २२६५ मीटर. पाण्यात बर्फाच्या शिखरांची प्रतिबिंबं, चित्र बघून कुणीही जीव टाकावा. पण तिथं जायचं म्हणजे आधी पाळण्यानं फर्स्ट या ठिकाणी चढायचं, त्याचं तिकीट वेगळं, आणि पुढं तासभर चालायचं. परत येतानाही तेवढंच. शिवाय इतक्या उंचीवरच्या तळ्यांवर जूनपर्यंतसुद्धा बर्फ असू शकतो. म्हणजे पैसे, पाय आणि महिना, तिन्ही जुळायला हवेत. याउलट ब्रिएन्झचं मोठं तळं ५६४ मीटरवर आहे आणि रेल्वे त्याच्या काठानं जाते. गाडीतून उतरलं की समोर पाणी. यातून मी एक साधं सूत्र काढलं. तळं जितकं खाली, तितकं स्वस्त. लोहमार्ग दऱ्यांतून गेले, गावं खोलगट भागात वसली, म्हणून खालची तळी साध्या तिकिटात मिळतात. वरच्या तळ्यांना पाळण्याचे पैसे पडतात, नाही तर गुडघ्याचे.

या सूत्रानं यादी गाळायला घेतली. सगळ्यात आधी ज्या तळ्यावर काट मारली, ते माझं सगळ्यात आवडतं होतं. स्वित्झर्लंडमधलं ओशिनेन. कांडरश्टेग गावाच्या वर, १५७८ मीटरवर. भूगोलाच्या बाईंना मोह पडावा असंच ते तळं आहे. डोंगराचे कडे कोसळले आणि त्यांच्या राडारोड्यानं पाणी अडलं. पाणी वरून वाहून जात नाही, त्या दगडांच्या पोटातून झिरपून खाली निघतं. गावातून पाळण्यानं जाता येतं, किंवा दीड तासाचा चढ चढून. चढ ह्यांना जमणार नव्हता. पाळणा जमला असता, पण एक पाळणा घेतला की स्वित्झर्लंडमधला मुक्काम आला, आणि मुक्काम आला की सगळं गणित बदललं. एका फ्रँकला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात. चहाचा कप हातात घेतला तरी मनात गुणाकार सुरू होतो.

ओशिनेनवर काट मारली त्या दिवशी मी जेवले नाही, असं हे सांगतात. तसं काही नव्हतं, उपवास होता. पण वाईट वाटलं हे खरं. आमच्या वन्संना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "युरोपात जाऊन स्वित्झर्लंड बघणार नाही? मग लोकांना सांगणार काय?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडं आल्प्स म्हणजे स्वित्झर्लंड हे हिंदी सिनेमानं पक्कं करून ठेवलंय. यश चोप्रांनी तिथं इतकं चित्रण केलं की लाउएनन नावाच्या एका तळ्याला लोक चोप्रा लेक म्हणायला लागले, आणि २०१६ मध्ये इंटरलाकेनला चोप्रांचा पुतळासुद्धा उभा राहिला.

कमी पैशात स्वित्झर्लंड होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्या बरोबर मुलं आहेत त्यांनी तर जरूर विचार करावा. पर्यटकांसाठी जो स्विस ट्रॅव्हल पास मिळतो, त्यात रेल्वे, बस आणि ब्रिएन्झ, टून, ल्युसर्न अशा मोठ्या तळ्यांवरच्या बोटीही येतात. आईवडिलांकडं पास असला तर सोळा वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या बरोबर फुकट प्रवास करता येतो. अशा घरानं वरच्या तळ्यांचा हट्ट सोडून खालची तळी बोटीनं बघावीत. ब्रिएन्झचं पाणी दुधट फिरोजी रंगाचं असतं, कारण हिमनद्या खडक घासून त्याचं पिठासारखं चूर्ण करतात, ते पाण्यात तरंगतं आणि त्यावरून प्रकाश परततो. फक्त काठावरच्या इझेल्टवाल्ड गावात एक लाकडी धक्का आहे, तो एका कोरियन मालिकेत दिसला आणि गर्दी इतकी वाढली की २०२३ मध्ये तिथं फिरतं दार बसवून पाच फ्रँक घ्यायला सुरुवात झाली. तळं तेच, पाणी तेच. धक्क्यावर उभं न राहता काठावरून बघितलं तर पैसे नाहीत.

आता गर्दीचं आलंच तर दुसरी चाळणी सांगते. जे तळं प्रसिद्ध चित्रात बसलंय, ते बघताना तळ्यापेक्षा चित्र काढणारी माणसंच जास्त दिसतात. ऑस्ट्रियातलं हालश्टाट गाव जेमतेम साडेसातशे वस्तीचं. १९९७ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं, चीनमध्ये तर २०१२ साली त्याची हुबेहूब नक्कल बांधली गेली. गर्दीनं गावकरी इतके कावले की २०२३ च्या मे महिन्यात जिथून सगळे फोटो काढतात तिथं लाकडी कुंपण घातलं गेलं. टीका झाली, मग ते काढलं. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात ब्राइएस नावाचं पाचूसारखं तळं आहे. तिथं भर उन्हाळ्यात दिवसा गाडी न्यायची तर आधी आरक्षण लागतं. ही तळी बघू नयेत असं नाही. पण त्यांच्या गावात किंवा अगदी जवळ राहून सकाळी सातला काठावर जाणं ज्याला परवडतं, त्यानं जावं. दुपारी बारा वाजता बसमधून उतरणाऱ्यानं जाऊन काय मिळवायचं?

तिसरी चाळणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे पाऊस. आल्प्समध्ये सप्टेंबरमध्येही दोन-दोन दिवस ढग उतरून बसतात. समोरचा डोंगर नाहीसा होतो. रोज एक तळं, रोज नवं गाव असा कार्यक्रम आखला आणि त्या दिवशी पाऊस लागला, तर ते तळं गेलं. पैसे गेले ते गेलेच. म्हणून आम्ही ठरवलं, तळी कमी घ्यायची आणि एकेका ठिकाणी चार-पाच रात्री काढायच्या. यात आणखी एक बचत होते. रोज सामान उचलून गाव बदललं की भाडं, जेवण, दमणूक, सगळं वाढतं. एका जागी स्वयंपाकघराची सोय असलेली खोली घेतली की कुकर नसला तरी भात होतोच.

तर १३ मधली उरली तीन. बव्हेरियातलं क्योनिग्झे, स्लोव्हेनियातलं ब्लेद, आणि त्याच्यापासून २६ किलोमीटरवरचं बोहिन. म्युनिकला जाताना आणि येताना एकेक रात्र, बेर्ख्टेसगाडेनला चार, बोहिनला पाच. दोन्ही देश शेंगेन व्हिसात येतात. जिथं मुक्काम जास्त, त्या देशाकडं अर्ज करायचा, म्हणून आमचा अर्ज जर्मनीकडं. व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो. हा खर्च तळं एक बघा की दहा, सारखाच. तो आधीच वजा करावा. आणि एक सूचना. दूध आणि मांस यांचे पदार्थ तिकडं नेता येत नाहीत. तुपाची बरणी आणि खव्याचे पेढे घरीच ठेवावेत. मेतकूट, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या यांच्यावर आमचं छान भागलं.

क्योनिग्झेसाठी आम्हाला बायर्न-टिकेट नावाचं दिवसभराचं तिकीट उपयोगी पडलं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत बव्हेरियाच्या विभागीय गाड्यांतून हिंडता येतं. जलद गाड्यांना चालत नाही आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच सुरू होतं. हे नियम ह्यांनी मला इतक्या वेळा सांगितले की मला पाठ झाले. क्योनिग्झे जवळजवळ आठ किलोमीटर लांब आणि १९० मीटर खोल आहे. दोन्ही बाजूंचे कडे सरळ पाण्यात उतरलेले, त्यामुळं काठानं वाट नाही. आत जायचं तर बोटीचं तिकीट काढावंच लागतं. १९०९ पासून तिथं विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, धूर नाही, आवाज नाही. मधे बोट थांबवून नाविक कड्याकडं तोंड करून तुतारीसारखं वाद्य वाजवतो आणि कडा ते सूर परत देतो. पाणी हिरवं आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. इथं आम्ही पैसे मोजले आणि हात आखडला नाही. मात्र तिकीट काढायच्या आदल्या दिवशी मालरविंकल नावाच्या जागेपर्यंत काठानं चालत गेलो होतो. तिथून तळं फुकट दिसतं. आकाश बघितलं, दुसऱ्या दिवशी उघडणार असं वाटलं, मग बोट. चार रात्री हाताशी होत्या म्हणून हे जमलं.

तिथून रेल्वेनं ऑस्ट्रिया ओलांडून लेसे-ब्लेद स्टेशनवर उतरलो आणि बसनं बोहिनला गेलो. नावाच्या शेवटी ते एक 'ज' लिहितात, पण म्हणत नाहीत. ब्लेद मुद्दाम मुक्कामासाठी ठेवलं नाही. ते जास्त प्रसिद्ध, बेटावरच्या चर्चचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. ब्लेदभोवती साधारण सहा किलोमीटरची वाट आहे, बहुतेक सपाट आणि फुकट. एका उघडलेल्या दिवशी बसनं जाऊन दोन ठिकाणी बसत, विसावत आम्ही ती पुरी केली. बेटावर ९९ पायऱ्या आहेत, तिथं गुडघ्यानं नाही म्हटलं. बेट काठावरूनच बघितलं. प्रसिद्ध क्रीमचा केक दोघांत एक घेतला. हा दिवस छान गेला आणि स्वस्तात गेला.

आता बोहिनचं सांगते. पोचलो तेव्हा पाऊस. तळं राखाडी, आकाश राखाडी, डोंगर नाहीच. आम्ही पाचगणीच्या घाटाखालची माणसं, पावसाला काय घाबरणार? पण इतके पैसे खर्चून आल्यावर असं दिसलं की पोटात गोळा येतोच. हे छत्री धरून उभे होते. म्हणाले, "जुलैत धोम असंच दिसतं." मी काही बोलले नाही. पर्यटकांची एक बस आली, लोक उतरले, वीस मिनिटं छत्र्यांचे फोटो काढले, बसले, गेले. त्यांच्या यादीतलं बोहिन झालं.

दुसरा दिवसही तसाच. आम्ही मेतकूट-भात खाल्ला. साविट्सा धबधबा तिथून जवळच, ७८ मीटरचा. पण वर जायला पाचशेहून अधिक पायऱ्या. हे खालच्या बाकावर बसले, मी एकटी जाऊन आले. येताना वाटलं, आपण चूक तर केली नाही? ओशिनेन सोडलं, वन्संचं ऐकलं नाही, आणि इथं ढगात बसलोय. ह्यांच्या ऑपरेशनआधीचा हा एकच प्रवास. त्यानंतर कधी, कुणी सांगावं?

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला हे मला हलवून उठवत होते. "अगं, चल. उघडलंय."

तळ्याच्या पूर्व टोकाला दगडी पूल आहे आणि शेजारी जुनं चर्च. तिथं जाऊन उभे राहिलो. पाण्यावरचं धुकं वर सरकत होतं आणि त्यामागून आधी डावा कडा आला, मग उजवा, मग पार पश्चिमेची भिंत. मधे यू आकाराची दरी. साविट्साचं पाणी पश्चिमेकडून तळ्यात येतं आणि या पुलाखालून नदी होऊन बाहेर पडतं. माझी फळ्यावरची आकृती जशीच्या तशी समोर होती. फक्त ती निळी नव्हती, हिरवी होती.

मी ह्यांना सांगायला लागले. हिमनदी कुठून आली, कडे कसे घासले, पाणी कसं साठलं. ३१ वर्षं मी हे मुलांना सांगितलं, घरी कधी कुणी विचारलं नव्हतं. ह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तो हिमोढ कुठं?"

मी म्हटलं, "आपण उभे आहोत तोच."

त्यांनी पायाखाली बघितलं. चपलेनं एक गोटा हलवून पाहिला. मग म्हणाले, "स्टँडपासून पाच मिनिटं. चांगली जागा निवडलीस."

श्रोतेहो, तुम्ही जाल तेव्हा तुमची तळी वेगळी असतील. पण यादी घेऊन बसलात की प्रत्येक नावापुढं चार गोष्टी लिहा. शेवटचे तीन किलोमीटर कसे जायचे? बरोबरच्या माणसांत सगळ्यात कमी चालणारा तिथं पोचेल का? गर्दी यायच्या आधी आपण काठावर असू का? आणि पाऊस लागला तर आणखी एक सकाळ हाताशी आहे का? चारही उत्तरं मनासारखी आली तर ते तळं तुमचं. नाही आली तर कितीही सुंदर असलं तरी काट मारा, आणि वाचलेल्या पैशात दुसऱ्या तळ्यापाशी दोन रात्री वाढवा.

काट मारलेल्या तळ्याचं वाईट वाटतं. मला अजून वाटतं. ओशिनेनचं चित्र स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावलंय. ह्यांचं ऑपरेशन झालं, आता काठी न घेता गणपतीच्या घाटापर्यंत जाऊन येतात. परवा परत आले आणि त्या चित्रापुढं उभं राहून विचारत होते, "दीड तासाचा चढ म्हणालीस ना हा?"

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)